जांभळी तुरटी हिरवी का झाली?

आम्ही या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. रसायनशास्त्राशी आमचा संबंध मॅट्रिकबरोबरच संपला होता, आणि तो पुन्हा जुळेल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीच्या वेळी आमचे विज्ञानशिक्षक स्नेही काही दिवस रजेवर गेले आणि स्फटिक वाढवणाऱ्या चार विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवण्याचे काम आमच्याकडे आले. त्या कामात आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. त्या अन्यायाचे परिमार्जन करावे म्हणून आम्ही जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते येथे सांगत आहोत.

चौघांना क्रोम तुरटीचे स्फटिक वाढवावयाचे होते. घरात दाढीनंतर गालाला लावतात किंवा गढूळ पाण्यात फिरवतात ती साधी तुरटी पांढरी असते. येथील गुजराती शेजारी तिला फटकडी म्हणतात. क्रोम तुरटी ही तिचीच बहीण, पण रंगाने पिकलेल्या जांभळासारखी. ती कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, बरणीवर कागद बांधून ठेवायची आणि पाणी सावकाश आटू द्यायचे, अशी सूचना फळ्यावर लिहिलेली होती. तीन बरण्यांतले पाणी सुरेख जांभळे झाले. चौथी बरणी दुसऱ्या दिवशी पाहतो तो गर्द हिरवी!

आम्ही त्या मुलाला बोलावून विचारले, "यात काय मिसळलेस?"

"सर, काही नाही मिसळलं. लवकर विरघळावं म्हणून फक्त चांगलं उकळलं."

"उकळल्याने पाणी आटते, जांभळ्याचे हिरवे होत नाही. मोरचूद टाकलेस की आणखी काही? खरे सांग."

तो मान खाली घालून उभा राहिला. आम्ही त्याचे मौन म्हणजे कबुली समजलो आणि प्रदर्शनाच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ते मूळचे खानदेशातले, पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात कामाला. हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोरगं खोटं बोलत नाही. आमच्या कारखान्यात ताप वाढला की रंग फिरतो, हे मी रोज बघतो." आम्ही त्यांचे म्हणणे सभ्यपणे ऐकून घेतले आणि सभ्यपणेच त्यांना निरोप दिला. पदवी आमच्याकडे होती. अनुभव त्यांच्याकडे होता, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

ती हिरवी बरणी शिपायाने कपाटावर ठेवून दिली आणि सगळे तिला विसरले. दिवाळीच्या सुटीनंतर कपाट झाडताना ती खाली आली, तेव्हा हिरव्या पाण्यात जांभळी झाक दिसत होती. आम्ही चकित झालो आणि ती तशीच परत ठेवली. संक्रांत उलटून गेल्यावर पाहिले, तर पाणी पुरते जांभळे झाले होते आणि तळाशी वाटाण्याएवढे आठ पैलूंचे चार-पाच खडे चमकत होते. कोणी काही काढले नव्हते, काही घातले नव्हते. मुलगा अक्षरशः खरे बोलला होता.

आता हे घडले कसे? यासाठी आपणांस क्रोमियम या धातूची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

रंगांचा धातू

१७९७ साली फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ याने सैबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात एक नवे मूलद्रव्य शोधून काढले. त्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी, जांभळी अशी नाना रंगांची निघू लागली, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. माणिक आणि पाचू या रत्नांतही त्याचा अंश आहे हे व्होक्लँनेच दाखवून दिले. भारतात क्रोमियमचे खनिज, म्हणजे क्रोमाइट, मुख्यत्वे ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे. पण थोडेफार ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीच्या आसपासही सापडते. आमच्या घरी कोकणी बोलतात, आमचे मूळ गाव त्याच जिल्ह्यातले. ज्या वाटेने आम्ही लहानपणी एस. टी.ने जात असू, तिच्या आजूबाजूच्या जमिनीत हा बहुरूपी धातू दडलेला आहे हे आम्हांस सुरतेस येऊन एका हिरव्या बरणीने शिकवले!

सहा शेजारी

मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विद्युत्‌भारित कण सुटे होतात, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. क्रोमियमचा असा कण एकटा राहत नाही. तो आपल्याभोवती नेमके सहा सोबती धरून बसतो: एक वर, एक खाली आणि चार चार दिशांना. एक लिंबू घ्या आणि त्यात अशा सहा आगकाड्या टोचा. काड्यांची टोके मनाने जोडली की आठ त्रिकोणी पृष्ठांची आकृती तयार होते. तिला अष्टफलक म्हणतात. लिंबू म्हणजे क्रोमियम आणि काड्यांची टोके म्हणजे त्याचे सोबती.

हे सोबती पाण्याचे रेणू असतील, तर रंग जांभळा दिसतो. त्यांतील काही जागा क्लोरीनने किंवा सल्फेटने घेतल्या तर रंग हिरव्याकडे झुकतो. म्हणजे रंग एकट्या क्रोमियमचा नव्हे, तर क्रोमियम आणि त्याचे शेजारी यांच्या संगतीचा आहे. माणकात क्रोमियमभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात, आणि पाचूतही ऑक्सिजनचेच सहा. परंतु माणकात ते त्याला अधिक आवळून धरतात, पाचूत किंचित सैल. एवढ्याशा फरकाने एक रत्न लाल होते आणि दुसरे हिरवे.

ही सहा शेजाऱ्यांची कल्पना आल्फ्रेड वेर्नर याची. १८९३ साली झुरिक येथे त्याने ती मांडली तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्या काळी क्ष-किरणांचा शोधसुद्धा लागलेला नव्हता. मग अणूंच्या जागा पाहणार कोण? वेर्नरने त्या पाहिल्या नाहीत, मोजल्या. कशा, ते पाहू.

तेच घटक, निराळी मांडणी

'नदी' आणि 'दीन' हे दोन शब्द घ्या. अक्षरे तीच, संख्या तीच. क्रम बदलला की अर्थ पार बदलतो. 'सदा' आणि 'दास' यांचेही तसेच. रसायनशास्त्रातही असे पदार्थ असतात. त्यांतील अणू तेच आणि तितकेच असतात; फक्त त्यांची मांडणी निराळी असते. त्यांना समघटक म्हणतात.

क्रोमियम क्लोराइडचे उदाहरण पाहा. त्यात एक क्रोमियम, तीन क्लोरीन आणि पाण्याचे सहा रेणू असतात. वजन करा, पृथक्करण करा, हिशेब हाच येतो. तरी त्याचे तीन निरनिराळे स्फटिक मिळतात: एक करडा जांभळा, एक फिका हिरवा आणि एक गर्द हिरवा. वेर्नरचे स्पष्टीकरण असे, की क्रोमियमभोवती जागा सहाच आहेत आणि त्यांवर बसणारे उमेदवार मात्र नऊ आहेत. जांभळ्या प्रकारात सहाही जागांवर पाणी आहे व तिन्ही क्लोरीन बाहेर मोकळे आहेत. फिक्या हिरव्यात एक क्लोरीन आत शिरला आहे व एक पाणी बाहेर आले आहे. गर्द हिरव्यात दोन क्लोरीन आत आहेत आणि दोन पाणी बाहेर.

आत कोण आणि बाहेर कोण, हे ओळखायचे कसे? सिल्व्हर नायट्रेटचा विद्राव टाकला की मोकळा क्लोरीन तत्काळ पांढरा साका होऊन खाली बसतो. आत घट्ट धरलेला बसत नाही. ताजा विद्राव घेतला तर जांभळ्यातून तिन्ही क्लोरीनचा साका मिळतो, फिक्या हिरव्यातून दोहोंचा आणि गर्द हिरव्यातून एकाचाच. वर्गाबाहेर किती मुले उभी आहेत ते मोजून वर्गात किती बसली आहेत हे सांगावे, तशी ही युक्ती आहे. या विचाराबद्दल वेर्नरला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मांडणीचा आणखी एक प्रकार आहे. ल्युडोचा फासा घ्या. त्यावर एकसमोर सहा असतो आणि एकाच्या शेजारी दोन. समजा, फाशाच्या सहा बाजूंपैकी दोन तुम्ही लाल रंगवल्या. त्या समोरासमोरच्या असतील किंवा शेजारशेजारच्या असतील. तिसरा प्रकार शक्य नाही. गर्द हिरव्या क्लोराइडात दोन क्लोरीन समोरासमोर बसलेले असतात. क्रोमियमच्या एका ऑक्झलेट क्षारात तर दोन्ही प्रकार वेगवेगळे करून बाटलीत भरता येतात. एकात पाण्याचे दोन रेणू समोरासमोर आणि दुसऱ्यात शेजारी. रंगातही फरक, वर्तनातही फरक.

तिसरा प्रकार सर्वांत मौजेचा. ऑक्झलेटचा एक कण एकाच वेळी दोन जागा धरतो. असे तीन कण मिळून सहाही जागा भरल्या की विमानाच्या पंख्याच्या तीन पात्यांसारखी आकृती होते. हा पंखा डावीकडे पीळ असलेला असू शकतो किंवा उजवीकडे. दोन्ही अगदी सारखे, पण डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जशी बसत नाही, तसा एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आरशासमोर धरला तर मात्र एकाची प्रतिमा म्हणजे दुसरा. क्रोमियमच्या या ऑक्झलेटाचे डावे आणि उजवे रूप वेर्नरने १९१२ साली वेगळे करून दाखवले. अशी डावी रूपे कालांतराने आपसूक उजवी होतात आणि उजवी डावी. एकही बंध न तुटता केवळ पाती पिळून हा पालट होऊ शकेल असा एक मार्ग १९४३ साली कलकत्त्याच्या प्रियदारंजन राय यांनी आपले सहकारी दत्त यांच्यासह सुचवला. जगभरच्या ग्रंथांत तो आजही 'राय-दत्त पीळ' या नावाने शिकवला जातो, ही आपणां भारतीयांस अभिमानाची गोष्ट होय.

स्फटिकाच्या आत

सुरतेत राहणाऱ्याला स्फटिक म्हणजे काय हे सांगायला नको. वराछा आणि कतारगाम भागांत हजारो हात रोज हिऱ्याला पैलू पाडतात. कारागीर हिऱ्याला हवा तेथून कापत नाही. खड्याची जात आणि दिशा पाहून कापतो. कारण स्फटिकात अणूंच्या रांगा ठरलेल्या असतात, एखाद्या भिंतीतील विटांसारख्या. १९१२ साली जर्मनीत फॉन लाउए याच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवण्यात आले आणि पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटली. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी अशाच प्रकारे मिठाची आणि हिऱ्याची अंतर्रचना उलगडली. पुढे त्याच मार्गाने क्रोमियमच्या क्षारांचीही तपासणी झाली. १९३४ साली जांभळ्या क्लोराइडाची आणि १९६५ साली गर्द हिरव्याची रचना प्रसिद्ध झाली. वेर्नर १९१९ सालीच वारला होता; पण त्याने न पाहता मोजलेल्या जागा जशाच्या तशा सापडल्या.

क्रोम तुरटीच्या स्फटिकात क्रोमियमचा प्रत्येक कण पाण्याच्या सहा रेणूंच्या घेऱ्यात बसलेला असतो. पाण्यातील ऑक्सिजन त्याच्यापासून सुमारे दोन अँगस्ट्रॉम अंतरावर असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. पोटॅशियमभोवतीही पाण्याचे सहा रेणू असतात आणि मधल्या जागांत सल्फेट असते. अशी एक घनाकृती खोली, तिची बाजू बारा अँगस्ट्रॉमहून किंचित अधिक. आणि तिच्यासारख्याच खोल्या वर, खाली, शेजारी रचत गेल्या की खडा वाढतो. सेंटिमीटरभर लांबीत अशा ऐंशी लाखांहून अधिक खोल्या एका ओळीत मावतात!

साध्या तुरटीत क्रोमियमच्या जागी अॅल्युमिनियम असते, पण खोलीचे माप जवळजवळ तेच. म्हणून जांभळा खडा दोऱ्याला बांधून साध्या तुरटीच्या संपृक्त विद्रावात सोडला, तर त्याच्यावर पांढऱ्या तुरटीचे पारदर्शक कवच चढते आणि काचेच्या पेटीत जांभूळ ठेवल्यासारखे दिसते. दोन पदार्थांच्या या जुळणीला समरूपता म्हणतात. १८१९ साली मिट्शरलिख याने ती प्रथम ओळखली.

बरणीचे कोडे

आता आमच्या बरणीकडे वळू. कोमट पाण्यात क्रोमियमभोवतीचे सहा पाणी शाबूत राहतात, म्हणून तीन बरण्या जांभळ्या राहिल्या. उकळताच काही पाण्याचे रेणू सुटले आणि त्यांच्या जागी सल्फेट शिरले. काही ठिकाणी क्रोमियमचे कण एकमेकांशी जोडलेही गेले. रंग हिरवा झाला. क्लोराइडाच्या तीन स्फटिकांत जे दिसते, त्याचाच हा सख्खा भाऊ म्हणावा. तुरटीच्या खोलीत सहा पाण्यांनी वेढलेल्या कणासाठीच जागा आहे. या वेड्यावाकड्या नव्या कणांना ती बसत नाही. म्हणून हिरव्या पाण्यातून खडे धरत नाहीत.

पाणी थंड झाले की तोल पुन्हा जुन्या मांडणीकडे झुकतो. मग रंग त्याच रात्री का फिरला नाही? कारण क्रोमियम मोठा चिकट स्वभावाचा आहे. सोडियम किंवा तांबे यांच्याभोवतीचा पाण्याचा रेणू सेकंदाच्या एक कोट्यंश भागाहूनही कमी वेळात बदलतो. क्रोमियमच्या बाबतीत निम्मे रेणू बदलण्यासच नेहमीच्या तापमानाला तीन-साडेतीन दिवस लागतात, आणि सल्फेटला व जोडलेल्या कणांना सोडवणे त्याहूनही सावकाशीचे. म्हणून दिवाळीला नुसती झाक आली आणि संक्रांतीनंतर खडे मिळाले. वेर्नरला क्रोमियमचे समघटक वेगळे काढता आले तेही याच चिकटपणामुळे. ते क्षणात बदलणारे असते तर बाटलीत भरता आले नसते.

त्या मुलाच्या वडिलांचे म्हणणेही आता नीट उमगते. लोकर आणि नायलॉन रंगवण्याच्या कित्येक रंगांत क्रोमियम असते. तेथेही रंगद्रव्याचे रेणू त्याच सहा जागा धरून बसतात. क्रोमने कमावलेल्या चामड्यातही तसेच घडते. रंगाचा कारखाना म्हणजे शेजारी बदलण्याचाच कारखाना आहे. ज्याने तेथे वर्षानुवर्षे ताप सांभाळला, त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असावे यात नवल ते काय?

प्रयोग करणाऱ्यांस दोन सूचना. पाणी कोमटच ठेवा. ज्यांना रंग पालटलेला पाहायचा असेल त्यांनी परीक्षानळीत थोडेसेच तापवावे. क्रोम तुरटी चाखू नये, हात धुवावेत आणि उरलेले पाणी गटारात न ओतता शिक्षकांच्या स्वाधीन करावे. क्रोमियमचे काही पिवळे-नारिंगी क्षार तर फारच विषारी असतात. त्यांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये. आपल्या सर्वांची तहान तापीच भागवते.

खडे सापडले त्याच आठवड्यात आम्ही त्या मुलाला वर्गासमोर बोलावले. बरणी टेबलावर ठेवली आणि सर्वांना सांगितले, की हा खरे बोलला होता आणि आम्ही त्याला खोटे ठरवले. याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागतो. त्याच्या वडिलांकडेही जाऊन हेच सांगितले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "होतं गुरुजी असं. रंग कुणाला लगेच कळत नाही."

प्रदर्शन तोवर होऊन गेले होते. ती संधी आम्हांला त्याला परत देता आली नाही. यंदाच्या प्रदर्शनात मात्र काचेसारख्या तुरटीत बसवलेला जो जांभळा खडा तुम्ही पाहिला, तो त्याच बरणीतला आहे, आणि त्याखालच्या चिठ्ठीवर त्याच मुलाचे हस्ताक्षर आहे. विद्यार्थिमित्रांनो, एखादी गोष्ट आपल्या ज्ञानात बसत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. ती तपासून पाहावी. आणि तपासायला वेळ लागणार असेल, तर निदान तोवर कोणाचे नाव यादीतून काढू नये.